पिल्लू, पत्ता आणि मोबाईल

आजचे युग हे संगणकाचे युग आहे, हे वाक्य आपण स्मरणिकांमधून गेली तीस वर्षे वाचत आलो आहोत. त्या वाक्याच्या पुढे काय, हे मात्र क्वचितच कोणी सांगतो. संगणक म्हणजे नोकरी आणि नोकरी म्हणजे पुणे, एवढेच समीकरण आपल्या मुलांच्या डोक्यात बसलेले आहे. प्रस्तुत लेखात एक लहानसा विषय घेऊन संगणकाचे काम आतून कसे चालते, आणि ते वाशिम जिल्ह्यात बसूनही कसे करता येते, हे समजून घ्यावयाचे आहे. विषय असा : पाळीव प्राणी दत्तक देण्या-घेण्यासाठी मोबाईलवर चालणारी, ठिकाणावर आधारलेली वेबसाईट. विषय ऐकून काही सभासद हसतील. माणसांचे प्रश्न अजून सुटले नाहीत आणि हा गृहस्थ कुत्र्या-मांजरांचे काय घेऊन बसला, असेही कोणी म्हणेल. लेख शेवटपर्यंत वाचावा, एवढीच विनंती. माणसांचा प्रश्न यात कोठे येतो ते वाचताना दिसेलच.

मी स्वतः कला शाखेचा पदवीधर असून बँकेत कारकून आहे. माझी पुतणी अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला आहे व तिने प्रकल्पासाठी हाच विषय घेतला आहे. रविवारी ती संगणकावर बसते आणि मी तिच्या शेजारी बसून शंका विचारतो. जे मला समजले ते दहावी-बारावीच्या विद्यार्थ्याला नक्कीच समजेल, या भरवशावर हे लिहीत आहे.

प्रथम गरज पाहू. गावठी कुत्री एका वेळी पाच-सहा पिल्ले देते. त्यातली एक-दोन नर पिल्ले कोणीतरी नेतो. मादी पिल्ले कोणी नेत नाही. मग ती पोत्यात घालून दुसऱ्या गावच्या शिवारात किंवा आठवडी बाजाराच्या आवारात सोडली जातात. मांजरीच्या पिल्लांचीही हीच कथा. त्याच वेळी पाच-सहा किलोमीटरवर एखादा शेतकरी सोयाबीन-तुरीत शिरणाऱ्या रोह्यांना आणि रानडुकरांना कंटाळून राखणीला कुत्रे शोधत असतो. एकाला द्यायचे आहे, दुसऱ्याला घ्यायचे आहे, आणि दोघांची गाठ पडत नाही. पैशाचा येथे संबंध नाही. उणीव आहे ती केवळ माहितीची, आणि माहितीची उणीव भरून काढणे हेच संगणकाचे खरे काम होय.

हा विचार नवा नाही. अमेरिकेत ‘पेटफाइंडर’ नावाची वेबसाईट १९९६ साली न्यू जर्सी राज्यात सुरू झाली. आपल्या भागाचा टपाल क्रमांक टाकला की जवळपासच्या आश्रयगृहांतील प्राण्यांची यादी समोर येई. आपल्या राज्यात प्राण्यांना आसरा देण्याची परंपरा त्याहून पुष्कळ जुनी आहे. मुंबईतील प्राणी-क्रूरता प्रतिबंधक संस्था १८७४ सालची आणि परळचे बाई साकरबाई दिनशा पेटिट प्राणी रुग्णालय १८८३ सालचे. पुण्यात ‘रेस्क्यू’ ही संस्था २००७ पासून जखमी व बेवारस प्राण्यांचे काम करीत आहे. परंतु या सर्व मोठ्या शहरांतील संस्था. त्यांच्याकडे इमारत आहे, पिंजरे आहेत, डॉक्टर आहेत. तालुक्याच्या गावी असे आश्रयगृह उभे करणे कोणत्याही लहान संस्थेच्या आवाक्यातले नाही. म्हणून आपल्याकडे पिल्लू एका घरातून थेट दुसऱ्या घरात गेले पाहिजे, आणि वेबसाईटने फक्त मधल्या माणसाचे काम केले पाहिजे.

कायद्यानेही या विषयाला अलीकडे वजन आले आहे. केंद्र सरकारने मार्च २०२३ मध्ये प्राणी जन्म नियंत्रण नियम अधिसूचित केले. मोकाट कुत्र्याचे निर्बीजीकरण व लसीकरण करून त्याला जेथून पकडले त्याच ठिकाणी परत सोडावे, असे त्यात सांगितले आहे. म्हणजे कुत्र्यालाही कायद्याच्या दृष्टीने एक ‘पत्ता’ आहे. पुढे २२ ऑगस्ट २०२५ च्या आदेशात सर्वोच्च न्यायालयाने, ज्यांना मोकाट कुत्रे दत्तक घ्यावयाचे असेल त्यांनी स्थानिक संस्थेकडे अर्ज करावा, त्या कुत्र्यावर खूण करून ते अर्जदारास द्यावे, आणि ते पुन्हा रस्त्यावर येणार नाही याची जबाबदारी घेणाऱ्यावर राहील, असे म्हटले. ७ नोव्हेंबर २०२५ च्या आदेशात शाळा, दवाखाने, बसस्थानके, रेल्वेस्थानके यांच्या आवारातील कुत्री हलवून ती त्याच जागी परत सोडू नयेत, असेही सांगण्यात आले. अशा कुत्र्यांपैकी जितकी घरात जातील तितका भार कमी. २०२४ या एका वर्षात देशात कुत्रा चावल्याच्या ३७ लाखांहून अधिक घटनांची नोंद झाली, ही संसदेत दिलेली माहिती आहे. ज्यांना कुत्र्यांचे प्रेम नाही त्यांनीही हा विषय हसण्यावारी नेऊ नये.

आता मुख्य भागाकडे वळू. अशा वेबसाईटचा सगळा जीव एका शब्दात आहे, तो शब्द म्हणजे ‘जवळ’. माणसाला ‘जवळ’ चटकन कळते. संगणकाला मात्र ‘वाशिम’ आणि ‘रिसोड’ ही दोन नावे म्हणजे अक्षरांच्या दोन ओळी आहेत. त्यांत जवळचे काय आणि लांबचे काय हे त्याला उमगत नाही. उलट नावाने घोटाळाच अधिक होतो. मालेगाव आपल्या जिल्ह्यात आहे आणि नाशिक जिल्ह्यातही आहे. कारंजा म्हटले की आपल्याला कारंजा लाड आठवते, वर्धेच्या माणसाला कारंजा घाडगे. बँकेत रक्कम पाठविताना गावाच्या नावावर विसंबत नाहीत, क्रमांक विचारतात, त्याचे कारण हेच.

टपाल खात्यालाही हाच प्रश्न पडला होता. त्यांनी काढलेला तोडगा म्हणजे पिनकोड. १५ ऑगस्ट १९७२ रोजी तो सुरू झाला आणि त्याची आखणी श्रीराम भिकाजी वेलणकर या मराठी अधिकाऱ्याने केली. हे गृहस्थ संस्कृतचे कवीही होते, ही गोष्ट आमच्यासारख्या कला शाखेच्या लोकांना दिलासा देणारी आहे. परंतु पिनकोड पत्रे वर्गवारीने लावण्यासाठी आहे, अंतर मोजण्यासाठी नाही. वाशिमचा ४४४५०५ आणि कारंजाचा ४४४१०५, यांची वजाबाकी करून किती किलोमीटर ते निघत नाही. शिवाय ग्रामीण भागात एका पिनकोडात कितीतरी खेडी येतात.

म्हणून अक्षांश-रेखांश. भूगोलाच्या पुस्तकात आपण ते पाठ करून विसरतो. खरे म्हणजे वाशिमच्या विद्यार्थ्यांनी तरी विसरू नये. भास्कराचार्यांच्या ११८३ सालच्या ‘करणकुतूहल’ या ग्रंथात पृथ्वीची मध्यरेषा ज्या ठिकाणांवरून जाते अशी गावे दिली आहेत. त्यांत उज्जयिनी, कुरुक्षेत्र यांच्याबरोबर वत्सगुल्म, म्हणजे आपले वाशिम आहे. येथील मध्यमेश्वराच्या देवळाचे नाव त्या रेषेवरूनच पडले, असे परंपरा सांगते. आजच्या मोजणीने पाहता वाशिम उज्जैनच्या पूर्वेस एक अंशाहून थोडे अधिक सरकलेले आहे. तरीही जमिनीवर उभे राहून, आकाशाकडे पाहून त्या काळी केलेले हे काम आहे, हे विसरता कामा नये. आज वाशिमचे स्थान सुमारे २०.११ अंश उत्तर व ७७.१३ अंश पूर्व असे सांगितले जाते आणि पूर्वेचे मोजमाप लंडनजवळच्या ग्रीनिचपासून होते.

हे आकडे मोबाईलला मिळतात ते उपग्रहांकडून. निदान चार उपग्रहांचे वेळेचे संकेत मोबाईल ऐकतो, प्रत्येक संकेत यायला किती वेळ लागला त्यावरून स्वतःची जागा काढतो. घरात, टिनाच्या छपराखाली संकेत नीट मिळत नाहीत. तेव्हा तो जवळच्या टॉवरवरून अंदाज बांधतो आणि चूक वाढते. वेबसाईट उघडल्यावर “तुमचे ठिकाण वापरू का?” असा प्रश्न येतो. हा प्रश्न वेबसाईट आपल्या मर्जीने गाळू शकत नाही. ब्राउझरच तो विचारतो, आणि संकेतस्थळाचा पत्ता ‘एचटीटीपीएस’ या सुरक्षित प्रकारचा नसेल तर विचारतही नाही. ‘नाही’ म्हणण्याचा आपल्याला पूर्ण अधिकार आहे. नाही म्हणणाऱ्यासाठी तालुका व गाव निवडण्याची सोय ठेवावीच लागते. पुतणीच्या मते ही सोय दुय्यम होती. माझ्या मते आपल्या भागात तीच मुख्य आहे, कारण घरातला मोबाईल बहुधा दिवसभर बाहेर असतो आणि अर्ज कोणीतरी दुसऱ्याच्या मोबाईलवरून भरतो.

दोन ठिकाणांचे आकडे हाती आले की अंतर काढणे हे गणित आहे. अक्षांशाचा एक अंश म्हणजे सुमारे १११ किलोमीटर. रेखांशाचा एक अंश विषुववृत्तावर तेवढाच, पण उत्तरेकडे जावे तसा आखडत जातो. वाशिमजवळ तो सुमारे १०४ किलोमीटर भरतो. कारंजाचे स्थान सुमारे २०.४८ आणि ७७.४८ धरले तर उत्तर-दक्षिण फरक ०.३७ अंश, म्हणजे ४१ किलोमीटर. पूर्व-पश्चिम फरक ०.३५ अंश, म्हणजे साडेछत्तीस किलोमीटर. आता पायथागोरसचे प्रमेय लावा, उत्तर सुमारे ५५ किलोमीटर येईल. जिल्ह्यापुरते एवढे पुरते. मोठ्या अंतरासाठी पृथ्वीची गोलाई धरावी लागते, तिची त्रिज्या ६३७१ किलोमीटर घेतात आणि ‘हॅवरसाइन’ नावाचे सूत्र वापरतात. त्या नावातील ‘वरसाइन’ म्हणजे आपल्या सूर्यसिद्धान्तात आलेली उत्क्रमज्या. गणिताच्या तासाला ज्या-कोज्या कशाला शिकायच्या, असे विचारणाऱ्यांनी याची नोंद घ्यावी.

पण हे ५५ किलोमीटर कावळ्याचे आहेत, एस.टी.चे नव्हेत. मंगरूळपीरवरून जाणारा रस्ता त्याहून लांब पडतो. आणि आपल्या जिल्ह्याच्या दक्षिणेला पैनगंगा आहे. नदीच्या अलीकडचे गाव वाशिम जिल्ह्यात, पलीकडचे हिंगोलीत. नकाशावर दोन बोटांचे अंतर दिसते, परंतु पूल जेथे असेल तेथून वळसा घालावा लागतो. पावसाळ्यात लहान पुलावरून पाणी गेले की ‘जवळ’ या शब्दाला काहीच अर्थ उरत नाही. रस्त्याने अंतर काढणारी साधनेही आहेत, पण नकाशात रस्ता असेल तरच ती चालणार. ‘ओपनस्ट्रीटमॅप’ हा २००४ साली इंग्लंडमध्ये सुरू झालेला जगाचा नकाशा कोणालाही विनामूल्य वापरता येतो आणि कोणालाही त्यात भर घालता येते. शहरांत तो भरगच्च आहे. खेड्यांत पुष्कळ ठिकाणी मुख्य डांबरी रस्ता तेवढा दिसतो व पांदण रस्ते दिसत नाहीत. अभ्यासिकेत येणाऱ्या मुलांनी सुटीत आपल्या गावाचे रस्ते, शाळा, दवाखाना त्यात चढविले तर ते काम या प्रकल्पापुरते राहणार नाही, रुग्णवाहिकेलाही उपयोगी पडेल.

माहिती साठविण्याच्या भागावर फार रेंगाळत नाही. मी नोकरीला लागलो तेव्हा शाखेत अजून लेजर होती. खातेदाराचे पान शोधायला आधी अनुक्रमणिका पाहावी लागे. अनुक्रमणिका नसेल तर प्रत्येक पान उलटा. संगणकात ठिकाणांची अनुक्रमणिका करण्यासाठी जमिनीचे चौकोन पाडतात, मोठ्या चौकोनात लहान, त्यात आणखी लहान. शोधणाऱ्याचा चौकोन आणि त्याला लागून असलेले चौकोन तेवढे चाळले की झाले. ‘पोस्टजीआयएस’ हे त्यासाठीचे साधन विनामूल्य आहे. टपाल खात्याने मे २०२५ मध्ये आणलेला ‘डिजिपिन’ही याच धर्तीचा आहे. आयआयटी हैदराबाद आणि इस्रोचे राष्ट्रीय सुदूर संवेदन केंद्र यांच्या साहाय्याने सगळ्या देशाचे सुमारे चार मीटर बाजूचे चौकोन पाडून प्रत्येकाला दहा अक्षरांचा संकेत दिला आहे. खरे सांगायचे तर एका जिल्ह्यातील पाचशे-हजार नोंदींसाठी अनुक्रमणिकेची गरजही नाही. एवढी पाने संगणक डोळ्याचे पाते लवते न लवते तोच उलटतो. राज्यभर पसरायचे म्हटले तर ती हवी.

आता या विषयातील सर्वांत अवघड भाग. तो पुस्तकात नाही, आपल्या गावात आहे.

पुतणीने पहिल्यांदा नकाशा दाखविला तेव्हा प्रत्येक पिल्लासाठी एक लाल ठिपका होता. ठिपक्यावर बोट ठेवले की फोटो, वय, नर-मादी, आणि खाली पत्ता : गाव आणि वस्तीचे नाव. दिसायला सुरेख होते. मी तिला एवढेच विचारले, की हा ठिपका गावाच्या कोणत्या अंगाला आहे ते पाहिलेस का?

महाराष्ट्रातील गावात ठिकाण म्हणजे केवळ ठिकाण नसते. गावाच्या कोणत्या टोकाला घर आहे यावरून घर कोणाचे ते कळते. राज्य शासनाने डिसेंबर २०२० मध्ये वस्त्यांची जातिवाचक नावे बदलण्याचा निर्णय घेतला आणि त्या जागी समतानगर, भीमनगर, शाहूनगर, क्रांतीनगर अशी नावे सुचविली. निर्णय योग्यच होता, उशिरा झाला एवढेच. पण ‘भीमनगर’ वाचून ते कोणाचे हे कळत नाही, असा माणूस आपल्या जिल्ह्यात शोधून सापडेल का? बँकेच्या काउंटरवर बसून मी वीस वर्षे पत्ते वाचत आलो आहे. पत्ता वाचल्यावर समोरच्याचा आवाज कसा बदलतो हे मी ऐकलेले आहे. पिल्लाच्या बाबतीतही ते घडते. आमच्या शेजारच्या घरातील पिल्लू घ्यायला एक गृहस्थ फोनवर अगदी तयार झाले होते. रंग विचारला, जंत-औषध दिले का ते विचारले. मग “कोठे यायचे?” म्हणाले. पत्ता ऐकून “घरी विचारून सांगतो” असे उत्तर आले. पुढे त्यांचा फोन आला नाही. विचित्र गोष्ट अशी, की तेच पिल्लू मोठे होऊन गावभर हिंडले असते तर त्याला कोणी हटकले नसते. कुत्र्या-मांजरांना पाणवठ्यावर मज्जाव नव्हता आणि माणसाला होता, म्हणून २० मार्च १९२७ रोजी महाडला चवदार तळ्यावर जावे लागले. हे आपल्या वाचकांना मी नव्याने सांगायला नको.

तेव्हा प्रश्न असा उभा राहिला : अंतर तर सांगायचे, पण वस्ती सांगायची नाही. हे कसे करावे? आणि हा केवळ आपला प्रश्न नाही. एकटी राहणारी बाई, दिवसभर कुलूप असलेले घर, अशा कोणाचाही नेमका ठिपका नकाशावर असणे धोक्याचेच.

पहिला उपाय दशांश चिन्हाचा. अक्षांश-रेखांशाचे आकडे दशांश चिन्हापुढे चार घरांपर्यंत लिहिले तर जागा सुमारे ११ मीटरपर्यंत नेमकी होते, म्हणजे घर सापडते. दोनच घरे ठेवली तर ती सुमारे एक किलोमीटरच्या चौकोनाएवढी ढोबळ होते. आपले साधारण खेडे त्या एका चौकोनात बसून जाते. पाटलाचा वाडा, बाजारचौक, बौद्ध वस्ती, मातंग वस्ती, सगळ्यांचा आकडा एकच! डिजिपिनची शेवटची चार अक्षरे गाळली तरी चौकोन जवळपास तेवढाच होतो. गावाची एकी करायला दोन आकडे खोडावे लागतात, असे मी गमतीने म्हणालो. ही युक्ती खेड्यात चालते, शहरात मात्र फसते. वाशिम शहरात एक किलोमीटरच्या चौकोनात एखादी वस्तीच येऊन बसते. म्हणून शहरासाठी फक्त ‘वाशिम शहर’ एवढेच दाखवावे.

यात दोन खाचखळगे आहेत आणि विद्यार्थ्यांनी ते नीट समजून घ्यावेत. आकडे पडद्यावर लपविणे पुरेसे नाही. नेमका आकडा सर्व्हरवरून मोबाईलपर्यंत आला असेल तर थोडी माहिती असलेला कोणीही तो पाहू शकतो. म्हणून खोडणे सर्व्हरवरच व्हावे, किंबहुना नेमका आकडा साठवूच नये. दुसरे असे, की ठिपका लपवून “३.४ किलोमीटर अंतरावर” असे नेमके अंतर दाखविले तरी घर सापडते. तीन वेगवेगळ्या जागांवरून अंतर पाहायचे, कंपासने तीन वर्तुळे काढायची, ती जेथे छेदतात तेथे घर. ‘टिंडर’ या ओळखी जुळविणाऱ्या परदेशी ॲपमध्ये नेमकी हीच उणीव सुरक्षातज्ज्ञांनी २०१४ साली जाहीरपणे दाखवून दिली होती. म्हणून अंतर पट्ट्यांत सांगावे : पाच किलोमीटरच्या आत, पाच ते दहा, दहा ते पंचवीस. त्यापुढे पिल्लासाठी कोणी जात नाही.

फोटोचेही पथ्य आहे. मोबाईलने काढलेल्या फोटोच्या फाईलमध्ये पुष्कळदा तारीख, वेळ आणि अक्षांश-रेखांश लिहिलेले असतात. ते डोळ्यांना दिसत नाहीत पण वाचता येतात. फोटो चढविताच ही माहिती पुसली पाहिजे, आणि तसे करणारी साधने तयार मिळतात. पण फोटोत मागच्या भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर असेल तर ती कोणतेही साधन पुसणार नाही, आणि ती पुसावी असे मला वाटतही नाही. फोटो अंगणात, जमिनीवर पोते अंथरून काढावा, अशी साधी सूचना अर्जात ठेवली आहे. कोणाला तसबिरीसकटच काढायचा असेल तर त्याची मर्जी. लपविणे हे प्रत्येकाच्या इच्छेवर असावे, सक्तीचे नसावे, यावर आमच्या घरी बराच वाद झाला आणि शेवटी असे ठरले.

दुसरा उपाय पुतणीनेच काढला आणि मला तो पहिल्यापेक्षा पुष्कळ उजवा वाटतो. ठिपका घरावर ठेवायचाच नाही. तो जवळच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यावर ठेवायचा. जिल्हा परिषदेचे श्रेणी-१, श्रेणी-२ चे दवाखाने आहेत, तालुक्याला लघु पशुसर्वचिकित्सालये आहेत. शेतकरी बैल घेऊन तेथे जातोच. नोंद करणाऱ्याचे ठिकाण मिळाले की वेबसाईट सर्वांत जवळचा दवाखाना शोधते, पिल्लाच्या नावापुढे तो दवाखाना लिहिते आणि मूळ आकडा टाकून देते. घेणाऱ्याला अंतर दिसते ते त्याच्यापासून दवाखान्यापर्यंतचे. भेटही तेथेच व्हायची. डॉक्टरांच्या समोर पिल्लू पाहायचे, लसीची नोंद करायची, आणि घरी न्यायचे. कोणी कोणाच्या दारात जायचे नाही, कोणाला “घरी विचारून सांगतो” म्हणायला जागा नाही. पुढे दोन्ही माणसे एकमेकांचे आडनाव विचारतीलच. पण तोवर पिल्लू हातात आलेले असते, आणि हातात आलेले पिल्लू परत देणे फार थोड्यांना जमते.

बाकीचा अर्ज सरळ आहे. पिल्लाचे वय आठ आठवड्यांहून कमी असेल तर नोंद घेऊ नये. २०१७ च्या कुत्रा-पैदास व विक्री नियमांतही आठ आठवड्यांच्या आतील पिल्लू विकण्यास मनाई आहे, आणि आईपासून लवकर तोडलेले पिल्लू दगावण्याचा धोका असतो. रेबीजची पहिली लस साधारण तीन महिन्यांला देतात. त्या तारखेला घेणाऱ्याला आठवणीचा संदेश जावा. किमतीचा रकाना मुळीच ठेवू नये. तो ठेवला की वेबसाईटचा बाजार झाला म्हणून समजा. मादीच्या निर्बीजीकरणासाठी वेगळा रकाना हवा, कारण मादी पिल्लू नेण्यास लोक जे नाखूष असतात ते पुढच्या पिलावळीच्या धाकानेच. प्रत्येक प्राण्याला एक क्रमांक द्यावा. गुरांच्या कानातील बारा अंकी बिल्ला आता शेतकऱ्याच्या परिचयाचा आहे, तो नसेल तर १ जून २०२४ पासून राज्यात गुरांच्या खरेदी-विक्रीला बंदी घातली गेली. कुत्र्याच्या गळ्यातील पट्ट्यावर क्यूआर कोड लावण्याचा प्रयोग मुंबई विमानतळाबाहेरच्या कुत्र्यांवर जुलै २०२३ मध्ये झाला होता. तो कोड मोबाईलने वाचला की लस कधी दिली ते कळे. आपल्याला प्लास्टिकच्या बिल्ल्यावर क्रमांक कोरला तरी पुरेल.

माणसांची माहिती घेताना २०२३ चा वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा ध्यानात ठेवावा लागतो. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले व त्यांची अंमलबजावणी टप्प्याटप्प्याने ठरविण्यात आली. त्यातील दोन गोष्टी विद्यार्थ्यांनी आतापासूनच पाळाव्यात : ज्या कामासाठी माहिती घेतली तेवढ्यासाठीच ती वापरावी, आणि अठरा वर्षांखालील मुलाची नोंद पालकांच्या संमतीशिवाय करू नये. आधार क्रमांक मागू नये. बँकेत आम्हाला ओळखपत्र घ्यावे लागते त्याला कायद्याचा आधार आहे. पिल्लू देण्या-घेण्यासाठी ते मागण्याचे कारण नाही.

खर्चाचे विचाराल तर डेटाबेस, नकाशा, नकाशा पडद्यावर दाखविणारे २०११ सालापासूनचे ‘लीफलेट’ हे साधन, सगळे फुकट आहे. अट एवढीच, की ओपनस्ट्रीटमॅपचे नाव नकाशाच्या कोपऱ्यात द्यायचे. सर्व्हरचे महिन्याचे भाडे आणि नावाची वर्षाची नोंदणी एवढा खर्च राहतो. मोबाईलवर संदेश पाठविण्याचा खर्च वेगळा, व तोच पुढे वाढतो.

सध्या पुतणीच्या संगणकावर ही वेबसाईट चालते, बाहेरच्यांसाठी अजून खुली नाही. तालुक्यांतील दवाखान्यांची ठिकाणे भरण्याचे काम चालू आहे. हे काम घरी बसून होत नाही. नकाशावर दवाखाना एके ठिकाणी दाखविलेला असतो आणि प्रत्यक्षात तो नव्या इमारतीत गेलेला असतो. त्यासाठी प्रत्येक दवाखान्याच्या दारात उभे राहून मोबाईलवर आकडा घ्यावा लागतो, आणि दवाखाना कोणत्या वारी, किती वाजता उघडा असतो ते फळ्यावरून उतरवून घ्यावे लागते. वाशिम आणि मंगरूळपीर तालुक्यांचे आकडे आले आहेत. रिसोड, मालेगाव, मानोरा आणि कारंजा बाकी आहेत. त्या बाजूला ज्यांचे गाव आहे अशा विद्यार्थ्यांनी सुटीत गावी जाताना एक वही आणि चार्ज केलेला मोबाईल बरोबर न्यावा.